तळ उठल्यावर



तळ पडताना आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. ट्रक येतात, राहुट्या उभ्या राहतात, आचारी चुली मांडतात, आणि संध्याकाळी चोपदारांचा चोप वर गेला की लाखाचा समाज एका क्षणात गप्प होतो. पण तळ उठल्यानंतरची जागा आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? आपण पहाटेच पुढे निघालेलो असतो. वारीत मागे वळून पाहायची सवय नाही, आणि तेवढी उसंतही नसते.

एका आषाढीला माझ्या टाचेला मोठा फोड आला. दिंडीचालकांनी मला सामानाच्या ट्रकबरोबर मागे ठेवले. सगळे निघून गेल्यावर त्या मोकळ्या रानात मी आणि आमचे आचारीबुवा एवढेच उरलो. मला ते रान नुसते तुडवलेले दिसत होते. आचारीबुवांना मात्र ते वाचता येत होते. राहुटीच्या खुंट्यांची भोके दाखवून ते म्हणाले, ही आपली राहुटी. भोवती पाण्यासाठी काढलेली चर बघा, आपल्या पोरांनी नेहमीसारखी उताराच्या बाजूला अर्धवटच काढली आहे. दोन चुलींच्या काळ्या जागा होत्या. त्यांतली एक आपली नव्हे, ते म्हणाले, कारण आपल्या चुलीचे तोंड कधी वाऱ्याकडे नसते. एका ठिकाणी चिखल इतका घोटलेला होता की सारवल्यासारखा दिसत होता. तिथे रात्री भजन झाले होते, टाळकरी पावली खेळले होते. त्या घोटलेल्या पट्ट्याच्या एका टोकाला हातभर जागा कमी तुडवलेली होती. वीणेकरी जिथे उभे होते, ती ती जागा.

आचारीबुवा शाळेत फारसे गेलेले नाहीत. पण त्या सकाळी त्यांनी जे केले, तेच काम काही माणसे आयुष्यभर करतात आणि त्याला पुरातत्त्व म्हणतात.

पुरातत्त्व म्हटले की आपल्याला सोन्याच्या मोहरा, तांब्याचे हंडे, मूर्ती आठवतात. प्रत्यक्ष खणणाऱ्याला वस्तूइतकीच, कधी कधी वस्तूहूनही जास्त, तिच्या जागेची किंमत असते. समजा, आपल्या पनवेलच्या एखाद्या जुन्या घरातला पाटा कोणी उचलून माझ्या हातात दिला. मी फार तर म्हणेन, पाटा आहे, झिजलेला आहे. पण तोच पाटा जमिनीत जिथे होता तिथेच सापडला, त्याच्या डाव्या हाताला चूल, मागे रांजणाची बैठक आणि समोर घोटलेल्या जमिनीचा जरासा खोलगट तुकडा असेल, तर तिथे एक बाई रोज कुठे तोंड करून बसत होती हेही कळते. उजेड कोणत्या बाजूने येत असेल आणि दार कुठे असेल, याचाही अंदाज बांधता येतो. म्हणून हे लोक कुदळ कमी आणि खुरपी, कुंचला, मोजपट्टी जास्त वापरतात. वस्तू उचलण्याआधी तिची जागा कागदावर मांडली नाही, तर ती माहिती पुन्हा कधीही मिळत नाही. एक जागा एकदाच खणता येते.

त्यांच्या कामातल्या दोन-तीन खुणा सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. लाकडाचा खांब कुजतो, पण त्याच्या भोकात भरलेली माती आजूबाजूच्या मातीहून काळी आणि भुसभुशीत राहते. अशी काळी वर्तुळे ओळीने सापडली की भिंत उभी राहते. सारवलेली जमीन थरावर थर साठत जाते, त्यामुळे घर किती काळ नांदते होते याचा अंदाज येतो. आणि तिसरी गोष्ट आपल्याला घरच्या अनुभवानेही पटेल. मोठ्या वस्तू झाडताना बाहेर जातात, बारीक वस्तू मातीत रुतून जिथल्या तिथे राहतात. फुटलेले मडके उकिरड्यावर सापडते, पण माळेतून निसटलेला मणी जिथे माळ तुटली तिथेच मिळतो. माणूस कुठे काय करत होता, हे सांगण्याच्या कामी मणी जास्त इमानी.

आता भीमेकडे चला.

पंढरीला जी चंद्रभागा म्हणून वाहते, त्या भीमेला वर घोडनदी येऊन मिळते. या घोडनदीच्या काठी, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. साधारण इसवी सनपूर्व १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. आपल्या ज्ञानोबारायांच्या समाधीला सव्वासातशे वर्षे झाली, यावरून हा काळ किती लांब आहे ते ताडून पाहा. त्या वस्तीतली शंभराहून अधिक घरे खणून काढली गेली. महाराष्ट्रात इतक्या जुन्या काळचे अख्खे गाव इतक्या बारकाईने दुसरीकडे कुठे वाचले गेल्याचे मला ठाऊक नाही.

काय वाचले? मधल्या काळातली घरे चौकोनी, कुडाची, रांगेत आणि मध्ये ये-जा करण्यापुरती वाट सोडलेली. घरात चूल, धान्याची पेवे, आणि कणगी ठेवायला जमिनीत बसवलेले चार सपाट दगड. हे चार दगड पाहिले की कोकणातलाच काय, देशावरचा शेतकरीही हसेल, कारण कणगी जमिनीला टेकली तर तिला वाळवी लागते हे त्याला सांगावे लागत नाही. वस्तीच्या मध्यभागी खातीपिती घरे. त्यांत एक पाच खोल्यांचे मोठे घर, जवळ धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांच्या खुणा मात्र वस्तीच्या कडेला. कोणी तिथे पाटी लावलेली नव्हती. आव्याची राख कुठे, मण्यांचा कच्चा माल कुठे, कोठार कोणाच्या दाराशी, एवढ्यावरून गावात कोण कोणाच्या वर होता हे उलगडत गेले. गावाला पाण्यासाठी काढलेला पाट आणि बांध होता. असे काम एकट्या घराचे नव्हे. कोणीतरी सांगणारा आणि पुष्कळ जण ऐकणारे असल्याशिवाय ते होत नाही.

आणि मग त्यांचे मृत. इनामगावचे लोक आपल्या माणसांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मूल गेले तर दोन मातीच्या कुंड्या तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवत आणि त्यांत त्याला निजवत. चुलीपासून चार हातांवर, आई जिथे स्वयंपाक करत असेल त्याच जमिनीखाली. मोठ्या माणसाला उताणे, उत्तरेला डोके करून ठेवत आणि घोट्याखालची त्याची पावले तोडत. हे वाचताना मी थांबलो होतो, आपणही थांबाल. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला की गेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, म्हणून पावले काढली. एक पुरुष मात्र वेगळा सापडला. चाळिशीच्या आसपासचा, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेला, पावले शाबूत. तो पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात होता. तो गावाचा प्रमुख असावा असे मानतात.

इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊस हटत गेला असे अनुमान आहे. त्यानंतरच्या थरांत चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. तीन-चार झोपड्यांना मिळून एक अंगण. शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. या गोल झोपड्यांचा अर्थ नुसत्या मातीवरून लागत नव्हता. त्यासाठी आज तशा झोपड्या बांधून राहणाऱ्या, फिरत्या जगण्याच्या माणसांकडे पाहावे लागले. किती जणांचे कुटुंब एका झोपडीत राहते, चूल आत की बाहेर, म्हातारी माणसे कुठे निजतात. आज वापरात असलेली जागा पाहायची, मग तिच्या आधाराने उजाड जागा वाचायची, ही या शास्त्रातली मोठी रीत आहे. आचारीबुवांनी दुसरे काय केले? चूल मांडताना पाहिलेली होती, म्हणून उठलेली चूल ओळखता आली.

याच रीतीने आपल्या वारीच्या वाटेकडे पाहणारा एक माणूस होऊन गेला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६). मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जायचे. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्या, खेडी, म्हसोबा-बोल्हाईची ठाणी पायी पालथी घालायचे. त्यांना वाटेवर गारगोटीची बोटाच्या पेराएवढी पाती सापडत. धातू येण्याआधीच्या माणसांनी मांस कापायला, कातडी सोलायला घडवलेली ही पाती. शास्त्रात त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. कोसंबींच्या लक्षात आले की ती कुठेही विखुरलेली नाहीत. देवीच्या जुन्या ठाण्यांजवळ, वाटा एकमेकींना छेदतात तिथे, आणि पालखीच्या वाटेच्या आसपास ती जास्त मिळतात. १९६२ साली निघालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हे मांडले. घाटमाथ्यावर पाऊस सुरू झाला की ओल्या जमिनीत मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून मेंढपाळ कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखात उतरतो आणि पावसाळा संपला की पश्चिमेला परततो. ज्येष्ठ-आषाढात आपली वारीही पश्चिमेकडून पूर्वेकडेच जाते. कोसंबींनी या वाटेचा संबंध शेतीच्याही आधीच्या, ऋतूनुसार होणाऱ्या माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालीशी जोडला. पुढे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात देवाच्या धनगर-गवळी नात्याचा मोठा शोध घेतला, तो वेगळ्या वाटेने असला तरी याच शिवाराला येऊन मिळतो.

माउली, इथे काहींच्या कपाळाला आठी पडते हे मी पाहिले आहे. आमच्या मंडळात एकदा हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ टाळकरी उठूनच गेले. म्हणाले, वारी संतांनी दाखवली, मेंढरांनी नव्हे. त्यांचे दुखणे मला कळते. पण पांडुरंगाच्या वाटेवर आपल्या आधी कोणी चालले असेल, तर त्याने वाट लहान होत नाही असे मला वाटते. तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली. त्या आधीही वारी होतीच, आणि वाटही होतीच.

माझी शंका कोसंबींच्या बाबतीत निराळी आहे. वाटेवर पाती सापडली म्हणून पातीवाले आणि पालखीवाले यांचे नाते जुळतेच असे नाही. दोघेही पाण्यापाशी थांबले असतील. ओढा, झरा, सावलीची झाडे आणि सपाट, निचऱ्याची जमीन जिथे असेल तिथे दहा हजार वर्षांपूर्वीचा माणूसही टेकेल, धनगरही टेकेल आणि आमची दिंडीही. जागा एकच राहते, तिच्यावर टेकणाऱ्यांचे हेतू बदलतात. कोसंबींचे अनुमान तल्लख आहे, पण अनुमानच आहे. आणि अनुमान किती चुकू शकते हे ताडायला लांब जायला नको. हजार वर्षांनी कोणी आपला एखादा तळ खणला आणि त्याला हजारो चुलींची राख एकाच थरात मिळाली, तर तो लिहील की इथे मोठे नगर होते. नगर होते खरे, पण एका रात्रीचे! रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे बाकीच्या, हा क्रम त्याला राखेतून कसा कळावा? पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणा आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया, ही रचना तर चालताना असते आणि चालणे संपले की हवेत विरते.

म्हणून जिवंत तळ पाहून लिहून ठेवणाऱ्यांचे मोल फार. इरावती कर्वे या त्याच डेक्कन कॉलेजातल्या. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणज येथे जुन्या सांगाड्यांच्या उत्खननात त्या होत्या. त्याच बाई पुढे दिंडीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्यांनी पाहिले की भजनाला सगळे एक, पण मुक्कामाला ब्राह्मण बायांची चूल वेगळी आणि मराठा बायांची वेगळी. दिवसभर एकाच अभंगाला टाळ धरणारे हात रात्री दोन पंगतींत बसतात, हे त्यांना सलले. खणणाऱ्याची नजर होती ती. दोन चुलींमध्ये अंतर किती आहे हे तिने आधी पाहिले आणि कारण नंतर विचारले.

हे अंतर वाचायला आपण शिकलो तर पंढरपूरचे महाद्वारही निराळे दिसू लागते. नामदेवरायांची समाधी पायरीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा घेतली, असे परंपरा सांगते. इनामगावच्या त्या तोडलेल्या पावलांनंतर ही पायरी मला फार आठवत राहिली. एकीकडे आपल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून त्याची पावले काढून घेतात, आणि इथे हजारोंची पावले अंगावरून जावीत म्हणून कोणी उंबऱ्यात निजतो. त्या पायरीसमोर, दाराबाहेर, चोखोबारायांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. गावकुसाबाहेर राहणारा माणूस गावकुसाखालीच गेला आणि देवाच्या दाराशी आला तोही दाराबाहेर. ती जागा भक्तीची आहे, आणि त्या काळच्या समाजाचा नकाशाही तीच आहे. दोन्ही एकदमच वाचावे लागते. आत पाऊल टाकायला चोखोबांच्या लेकरांना १९४७ उजाडावे लागले. १ मे ते १० मे साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. समाधीचा दगड होता तिथेच आहे, पण त्याच्यापुढून जाणारी पावलांची वाट बदलली. पुढेमागे कोणी त्या फरशांची झीज मोजली, तर तिच्यातही हा फरक निघेल काय, असे मनात येते.

आता आपल्या पनवेलकडे.

पनवेल हे खाडी संपते आणि वाट सुरू होते त्या जागेचे गाव. मुंबईहून माणसे आणि माल होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तिथून बैलांच्या पाठीवर बोरघाट चढे. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला तेव्हा बंदराला आणखी जोर आला, आणि १८६३ मध्ये कर्जतवरून रेल्वेने घाट ओलांडला तेव्हा तो ओसरू लागला. पण घाटाची वाट त्याहून किती जुनी, याची साक्ष वर मिळते. कार्तिकात आपल्या पनवेल-उरणच्या दिंड्या आळंदीला निघतात, खोपोली, खंडाळा, लोणावळा करत कार्ल्याच्या फाट्यापाशी येतात. तिथून डाव्या हाताच्या डोंगरात पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे, सव्वाशे फूट लांब. तिथल्या लेखांत सोपाऱ्याचा, वैजयंतीचा, धेनुकाकटाचा दाता आहे, यवनही आहेत. बंदरावरून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी एकेक खांब दिला. मधला भाग मोकळा, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि त्यांच्या मागून स्तूपाला वळसा घालणारी अरुंद वाट. आत शिरलेला माणूस कोणी न सांगता प्रदक्षिणेला लागतो, इतकी ती जागा पायांना बरोबर वळवते. आणि त्याच चैत्याच्या दाराशी आपली एकवीरा आई. चैत्रात पालखी घेऊन तिच्याकडे जाणारे आगरी-कोळी तेच, कार्तिकात माळ घालून आळंदीला जाणारेही तेच. भिक्खू गेले, व्यापारी गेले, आई राहिली. आई आधी की चैत्य आधी, यावर विद्वान बोलत आले आहेत. आमच्या घरात तो प्रश्न कधी निघालाच नाही.

हे सगळे मी सांगतो आहे ते एका कागदामुळे.

पनवेलजवळ विमानतळ झाला, त्यासाठी दहा गावे उठली हे आपल्याला माहीतच आहे. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, खाजणात भराव पडला. माझे आजोळ त्या दहांपैकी एक. मामांचे नवे घर चांगले आहे, पक्के आहे. मंदिरही नवे बांधले, मूळ देवळाहून मोठे. देव वाजतगाजत आणला, प्राणप्रतिष्ठा झाली. पण पहिल्या सप्ताहाला मामा मंडपात बसले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. विचारले तर म्हणाले, बसायचे कुठे तेच कळत नाही. जुन्या देवळात त्यांची जागा उत्तरेच्या खांबाला टेकून होती. त्यांच्या वडिलांची तीच होती. पखवाजवाला कुठे, वीणा कुठे, कीर्तनकाराची पाठ कोणत्या बाजूला, हे कोणी ठरवलेले नव्हते आणि सगळ्यांना माहीत होते. नवीन सभागृहात खांबच नाहीत.

मग मी एका दुपारी मोठा कागद घेऊन गेलो आणि म्हटले, मामा, गाव काढा. त्यांनी देऊळ काढले, पार काढला, मिठागराची वाट, खाडीचा बांध, उघाडी, होड्या लावायची जागा, स्मशान. झपाझप काढले. मामी चहा घेऊन आल्या, कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे कुठले गाव काढलेत? त्यात विहीर नव्हती. विहिरीवरचा धुण्याचा दगड नव्हता. मासळी वाळत घालायची ओटी नव्हती. एका घराच्या मागच्या दारातून दुसऱ्या घराच्या मागच्या दारात जाणारी बायकांची वाट नव्हती. मामांना ती वाट ठाऊकच नव्हती. सत्तर वर्षे त्या गावात राहून! मामींनी दुसऱ्या कागदावर गाव काढले. त्यात देऊळ होते, पण त्याचे मागचे दार होते, जिथून नैवेद्याचे ताट आत जायचे.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा मला इनामगाव पुन्हा आठवले. तिथे चूल सापडली, पेव सापडले, मुलाच्या कुंड्या सापडल्या. पण कोणाची वाट कोणत्या दाराने जात होती, हे विचारायला मामींसारखे कोणी नव्हते. भरावाखाली गेलेली जागा खणायला उद्या कोणी येणार नाही. तिथे आता धावपट्टी आहे. जे आहे ते या दोन कागदांवर आणि ऐंशीच्या घरातल्या काही डोक्यांत.

म्हणून माउली, एक विनंती. आपले गाव उठले असेल, उठणार असेल, किंवा नुसते देऊळ पाडून नवे बांधणार असतील, तर आधी एका कागदावर जागा मांडून ठेवा. मापे नसली तरी चालतील, पावलांनी मोजा. वीणा कुठे उभी राहते, बायका कुठे बसतात, चपला कुठे काढतात, काल्याची हंडी कुठे बांधतात. कोणाला पूर्वी आत येऊ देत नव्हते आणि तो कुठे उभा राहून ऐकत असे, तेही लिहा, लाजू नका. पुरुषांना एकदा विचारा आणि बायकांना वेगळे विचारा. तळावरही हे करता येईल. पहाटे निघताना चार जणांनी पाच मिनिटे मागे थांबावे, एवढेच.

आमच्या दोन कागदांचा मेळ अजून बसलेला नाही. सप्ताहाचा मंडप पिंपळाच्या पूर्वेला होता की पश्चिमेला, यावर मामा-मामींचे एकमत होत नाही. मामा म्हणतात, काकड्याला उजेड समोरून डोळ्यांवर यायचा, म्हणजे पिंपळ मागे होता. मामी म्हणतात, दुपारच्या पंगतीला सावली ताटांवर यायची, ते कसे? या कार्तिकात दिंडी निघाली की गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या माणसांना विचारायचे ठरले आहे. एक वहाळला राहतात, एक लेकीकडे खोपोलीला. घाट चढण्याआधी तो मुक्काम आहेच.